फागूची डावरी गिटार

येसूनं थोरल्या पोराची बोटं मोडली ती नागली पेरायच्या दिवशी. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर पालापाचोळ्याचा राब भाजून झाला होता, माती मऊ होती, आणि फागू बापामागून बी फेकत चालला होता. डाव्या हातानं. येसूनं आधी तोंडानं सांगितलं, मग कानफटीत दिली. पोरगं थोडं पुढं जाईपर्यंत उजव्या हातानं पेरायचं आणि ध्यान सुटलं की बी पुन्हा डाव्या मुठीत यायचं. शेवटी येसूनं तो हात धरून बांधावरच्या दगडावर ठेवला आणि कोयत्याची बोथट बाजू वरून हाणली.

"धान्याची देवी कणसरी रुसली तर वर्षभर काय माती खाशील?" येवढंच बोलून त्यानं राहिलेलं बी स्वतः पेरलं.

आईनं, रंगूनं, हळद भरून हात बांधला. भगतानं बांबूच्या कामट्या लावल्या. हाडं जुळली, पण वाकडी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडं वळून बसलं ते कायमचं.

मार खाऊन डावरा हात सुधारतो असं ज्यांना वाटतं त्यांनी फागूकडं बघावं. हात सुधारला नाही, तो लपायला शिकला. जेवताना, देवापुढं, गुरुजींसमोर उजवा. मारामारीत मात्र डावा. समोरचा उजव्या हातावर नजर ठेवून असायचा आणि ठोसा भलतीकडून यायचा. मिसरूड फुटेपर्यंत मोखाड्याच्या बाजारात त्याच्याशी कुणी भिडेनासं झालं. धाकटा भाऊ हरेश सारखा त्याच्या मागं मागं. हरेशला कुणी नुसतं ढकललं तरी फागू जाऊन त्याचं नाक फोडून यायचा. हरेशला ते फार आवडायचं. कधीकधी तर तो मुद्दाम कुणाची तरी कळ काढायचा आणि लांब उभा राहून मजा बघायचा.

दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं कामाला खाली उतरतात, तसा फागू वसईला बिल्डिंगच्या कामावर गेला. तिथं मुकादमानं एका बाईच्या पाठीत लाथ घातली. फागूनं मुकादमाचे पुढचे दात पाडले. मग मुकादमाच्या माणसांनी त्याला सळईनं झोडपलं आणि रस्त्यापलीकडच्या एका घराच्या कुंपणाशी टाकून दिलं.

त्या घराच्या ओट्यावर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. बस्त्याव त्याचं नाव. तरुणपणी तो लग्नांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. आता अर्धांगानं त्याची डावी बाजू गेली होती. सगळी मारामारी त्यानं बसल्या जागेवरून बघितली होती.

"तू डावखुरा आहेस," म्हातारा म्हणाला.

फागूच्या तोंडातून रक्त गळत होतं. त्याला वाटलं, आता हाही मारणार.

"मी पण," बस्त्याव म्हणाला. "शाळेत माझा हात बाकाला बांधून ठेवायचे. आत ये. तोंड धू."

फागू आत गेला आणि बरीच वर्षं तिथंच राहिला. म्हाताऱ्याची पोरं आखातात होती. त्याला उचलून न्हाणीत नेणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं हे सगळं फागू करायचा. एके दिवशी बस्त्यावनं पलंगाखालची लाकडी पेटी बाहेर ओढायला लावली. आत बेस गिटार होती. पन्नासेक वर्षांपूर्वी जपानात बनलेली. ती त्यानं एका खलाशाकडून घेतली होती. पोट मधासारखं पिवळं आणि कडेला जळत गेल्यासारखं काळं. चार तारा, सगळ्यात जाड तार तर सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढी. ही उजवी गिटार उलटी करून धरलेली नव्हती, डावखुऱ्यासाठीच मुद्दाम घडवलेली होती. उजव्या हातानं तारा दाबायच्या आणि डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी छेडायच्या. मोडक्या बोटांना तिथं कामच नव्हतं.

बस्त्याव मायाळू गुरू नव्हता. ताल चुकला की चांगल्या हातातली काठी फागूच्या खांद्यात, पाठीत, पोटरीवर बसायची. वळ उठायचे. पण हाताला त्यानं काठी कधी लावली नाही. "हात सोडून कुठंही मारीन," असं तो म्हणायचा आणि तसंच करायचा.

मरायच्या आधी त्यानं पोरांना फोनवर सांगितलं, ही याची. पोरांनी बरं म्हटलं. कागद-बिगद काही झाला नाही. बस्त्यावला मातीत ठेवून आल्यावर फागू ती पेटी डोक्यावर घेऊन एसटीत बसला आणि वर, मोखाड्याला परत आला.

जव्हारच्या गोकुळची बँजो पार्टी होती. कीबोर्ड स्वतः गोकुळ वाजवायचा. त्याला बेसवाला हवा होता. फागू त्याच्याबरोबर लग्नांना जायला लागला आणि तालुकाभर त्याला डावरा फागू म्हणायला लागले. जाड तार छेडली की तिचा आवाज कानात नाही, पोटात यायचा. फागूला वाटायचं, आपल्या आत जे काही सारखं मुठी आवळून बसलेलं असतं ते या तारेतून बाहेर जातंय. पार्टीत आल्यावर त्याची भांडणं कमी झाली ही खरी गोष्ट. तुळशीनं त्याच्याशी लग्न केलं तेही बहुधा त्याला वाजवताना बघून. नुसत्या माणसाला बघितलं असतं तर ती भ्यालीच असती.

पण भांडणं कमी झाली म्हणजे संपली असं नाही. गिटारीला हात लावलेला त्याला खपायचा नाही. तुळशीनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून तिला खोळ केली होती. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून तो ती चुलीजवळच्या भिंतीला टांगायचा आणि रोज उतरवून पुसायचा. दाभोशाच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामानं गमतीनं तिच्या तारांवर दारूचा ग्लास ठेवला. फागूनं त्याला मांडवाच्या खांबाशी गळ्यानं दाबून धरलं. मामाचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठं गोकुळला त्याची बोटं सोडवता आली.

असं चाललं होतं. आणि मग त्या गिटारीला किंमत आली.

जव्हारच्या बाहेर, पाहुणे येतात त्या एका हॉटेलात दुपारचा कार्यक्रम होता. मुंबईहून आलेला एक पिकल्या दाढीचा माणूस जेवण सोडून पुढं येऊन उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर त्यानं हात जोडून विचारलं, "जरा बघू?" फागूनं स्वतः धरून दाखवली. त्या माणसानं मागची पट्टी, खुंट्या, तारांखालचे चुंबक सगळं निरखलं. जुन्या गिटारी गोळा करण्याचा त्याला नाद होता.

"हिच्यासारख्या डावऱ्या त्या काळात मोजक्याच बनल्या," तो म्हणाला. "आणि ही कुणी उघडून बिघडवलेली नाही. मला देता?" आणि त्यानं आकडा सांगितला.

गोकुळनं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"विकायची नाय," फागू म्हणाला.

पार्टीचं सामान वाहायला त्या दिवशी जीप घेऊन हरेश आला होता. जीप दुसऱ्याची, हा नुसता ड्रायव्हर. तो दारातच उभा होता. त्यानं आकडा ऐकला आणि त्या माणसाचा नंबरही घेतला. परतीच्या वाटेवर, घाटात, तो म्हणाला, "दादा, येवढ्यात जीप येते. आपली. दुसऱ्याच्या शिव्या खाऊन गाडी चालवायला नको."

"पुढं बघून चालव," फागू म्हणाला.

त्या दिवसापासून घरात त्या गोधडीच्या खोळीकडं बघायची सगळ्यांची नजर बदलली. आई कधीच गेली होती. येसू म्हातारा झाला होता, पण आवाज तोच. त्यानं हरेशची बाजू धरली. "चूल एक, घर एक, तर वस्तू पण एक. वसईला गेलास तेव्हा कुणाचा होतास? माझाच ना?"

"ही मला मिळालीय बाबा. घराला नाय."

"तुझ्या डाव्या हातानं घरात एक तरी गोष्ट आली का कधी? आज येते तर तू आडवा."

फागू उठून बाहेर गेला. तिथं थांबलो असतो तर बापावर हात पडला असता, असं तो नंतर तुळशीला म्हणाला.

पुढं एका दुपारी तो लाकडं आणायला गेला असताना हरेश गिटार न्यायला आला. तुळशी दारात आडवी उभी राहिली. "भावजी, तो आल्यावर बोला." हरेशनं तिला ढकललं. ती उखळावर पडली आणि भुवईवर खोल फाटलं. हरेशची बायको चंदना शेजारच्या खोलीतून ओरडत धावली, ते ओरडणं फागूनं उतारावर ऐकलं. तो आला, तुळशीचं रक्तानं माखलेलं तोंड बघितलं, आणि हरेशला केसांना धरून अंगणात ओढलं. मग मारलंच. हरेश हात जोडायला लागला तरी मारलं. येसू मागून काठीनं फागूच्या पाठीवर घाव घालत होता, ते त्याला जाणवतसुद्धा नव्हते. हरेशच्या नाकातोंडातून रक्त आलं तेव्हा चंदना मध्ये आडवी पडली.

"मारून टाकशील काय रे त्याला?" ती म्हणाली.

त्याच दिवशी फागू तुळशीला आणि गिटारीला घेऊन जव्हारला गोकुळच्या पडवीत राहायला गेला. जाताना हरेश अंगणातच बसून होता. ज्या भावानं आजवर आपल्यासाठी लोकांची नाकं फोडली, त्यानं आपलं नाक फोडलं, हे त्याला उमजत नसावं.

वैशाखात जामसरला लग्न होतं. भर दुपारी हळद चालू होती, मांडवावर जांभळीच्या डहाळ्या, खाली बायका फेर धरून नाचत होत्या. हरेश दोन दोस्तांना घेऊन जीपमधून उतरला. तिघंही मोहाची पिऊन आले होते. हरेश सरळ पार्टीसमोर आला.

"दादा, मुकाट दे. मी मुंबईवाल्याला शब्द देऊन बसलोय."

"शब्द तुझा. वस्तू माझी."

"वस्तू घराची!"

हरेशनं दोन्ही हातांनी गिटारीची दांडी धरून ओढली. पट्टा फागूच्या खांद्यावरून गेला होता, त्यामुळं तो गुडघ्यांवर आला. दोस्तांनी त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. गोकुळ मध्ये पडला तर त्यालाही ढकलून दिलं. पट्टा सुटेना तेव्हा हरेशनं कमरेचा कोयता काढला. तो पट्टाच कापायला गेला होता, हे फागूनं पुढं कोर्टातही सांगितलं. पण पातं घसरलं आणि फागूचा खांदा चिरला.

पट्टा तुटला. गिटार फागूच्या हातात आली. कुऱ्हाड धरतात तशी त्यानं ती दांडीला धरली आणि फिरवली.

लाकडाची कड हरेशच्या डोळ्यावर आणि गालफडावर बसली. वायर अजून जोडलेलीच होती. स्पीकरमधून असा धम्म आवाज निघाला की मांडवाच्या मागच्या बायकांना वाटलं, नवं गाणं लागलं. त्या हात उडवत पुढं आल्या. हरेश खाली पडला होता. पहिला घाव रागाचा, असं एक वेळ म्हणता आलं असतं. पण फागूनं दुसरा घातला. पडलेल्या माणसावर, जबड्यावर. पुन्हा स्पीकर धडाडला. तिसरा मांडवाच्या खांबावर बसला आणि दांडी तडकली. गोकुळनं त्याला मागून कव घातली आणि कुणीतरी वायर उपटली.

हळद लावायची वाटी कलंडून नवरीच्या पायाशी पिवळं पाणी वाहत होतं.

हरेशचे दोस्त पळाले. जीप चालवली गोकुळनं, आणि मागं हरेशचं डोकं मांडीवर घेऊन बसला तो फागूच. डोळ्याच्या जागी काय राहिलंय ते बघायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं आपला शर्ट तिथं दाबून धरला होता आणि प्रत्येक वळणावर एकच विचारत होता, "हरेश, ऐकतोस ना?" हरेशच्या घशातून नुसती घरघर येत होती. दवाखान्याच्या दारातच पोलिसांनी फागूला धरलं. तो पळाला नव्हताच.

हरेशला पुढं नाशिकला नेलं. तो जगला. डावा डोळा काढावा लागला, जबडा तारेनं बांधला. बोलायला लागला तेव्हा जबाबात त्यानं सांगितलं की वाद्य घराचं सामाईक आहे. पंचनाम्यात त्या गिटारीला एकच ओळ मिळाली: लाकडी गिटारसारखे वाद्य, जुने, वापरते, रक्त लागलेले, किंमत अंदाजे पाचशे रुपये. तिला खाकी कागदात गुंडाळून, लाखेची मोहर लावून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं.

फागूनं गुन्हा कबूल केला. दुसरा घाव का घातला, असं जज्जसाहेबांनी विचारलं. "थांबता आलं नाय," येवढंच तो म्हणाला. त्याला सजा झाली.

जेलमध्ये त्याला कुणी त्रास दिला नाही, भावाचा डोळा काढणारा म्हणून सगळे वचकूनच होते. त्या वचकाचीच त्याला शिसारी यायची. एकदा तुळशी भेटीला आली आणि जाळीपलीकडून म्हणाली, "बाबा गेले." फागूला रडू आलं नाही. त्यानं बापाचा राग आठवून बघितला, तोही आला नाही. त्याला हातात काठी घेतलेला येसू आठवला आणि पाठोपाठ मांडवातला आपणच. दोघं एकाच पवित्र्यात उभे होते.

सुटून आला त्या दिवशी तो मोखाड्याच्या जीप स्टँडवर उतरला. चंदनाचे दोन भाऊ वाटच बघत होते. त्यांनी त्याला भर चौकात घेतला. बांबूनं पाय झोडले, खाली पाडून पोटात लाथा घातल्या, एकानं तोंडावर चप्पल मारली. बाजारची माणसं गोळा झाली. सगळ्यांना डावऱ्या फागूचा हात ठाऊक होता, आता तो उठणार म्हणून लोक मागं सरकले. तो उठला नाही. त्यानं हात डोक्यावरसुद्धा घेतले नाहीत.

"पुरे."

आवाज चहाच्या टपरीतून आला. शब्द चघळल्यासारखा, अर्धा. हरेश बाकावर बसला होता. जबडा एका बाजूला कलला होता, डोळ्याच्या जागी कातडीची खोबण. मेव्हणे ऐकेनात, तशी त्यानं हातातला चहाचा ग्लास त्यांच्या पायाशी आपटून फोडला.

"पुरे म्हटलं ना!"

ते थांबले. हरेश उठून निघून गेला. फागूकडं त्यानं बघितलं नाही. फागू तिथंच धुळीत बसून राहिला. तुळशी आणि गोकुळनं त्याला उचललं.

गिटार परत मिळवायला अर्ज केला, तर जुना जबाब आडवा आला. वस्तू सामाईक आहे असं भावानं लिहून दिलेलं, आणि फागूकडं कागद नाही. वकील म्हणाले, "भावानं येऊन सांगितलं तरच." फागू म्हणाला, "मग राहू द्या." त्याला हरेशच्या दारात जायचं तोंड नव्हतं. तुळशी गेली. जिच्या भुवईवर हरेशनं दिलेला वण होता ती त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. चंदनानं चहा दिला, इतकंच म्हणाली.

तारखेला हरेश आला. एका बाजूनं दिसत नसल्यानं दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत आला.

"हे वाद्य कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

हरेशला प्रत्येक शब्दाला जबडा सावरावा लागत होता. "त्याचं."

"आधी तुम्ही सामाईक म्हणाला होता."

"खोटं बोललो होतो. त्याचंच हाय."

बाहेर पायरीवर फागूनं खाकी कागद फाडला. दांडीला लांब तडा, तारा गंजलेल्या, पिवळ्या पोटावर काळपट डाग वाळून बसलेला. मुंबईवाल्यानं ती आता फुकट तरी घेतली असती की नाही कोण जाणे. फागूनं ती हरेशपुढं धरली.

"काय येईल ते येईल. विकतो. पैसे तू घे."

हरेशनं मान वळवून चांगला डोळा भावाकडं आणला.

"माझा डोळा गेला हिच्यात," तो म्हणाला. "आता विकलीस तर बघ."

फागूनं ती परत कागदात गुंडाळली. हरेश पायऱ्या उतरला, शेवटच्या पायरीला अडखळला, सावरला आणि स्टँडकडं चालायला लागला.

जव्हारच्या सुतारानं दांडीला सरस भरून पट्टी मारली. जाड तार आता नीट सुरात राहत नाही, दर गाण्यानंतर खुंटी पिळावी लागते. फागू आणि तुळशी आता वेगळ्या खोलीत राहतात, पण तुळशी गिटार तिथं ठेवू देत नाही, ती गोकुळकडं असते. लग्नांमध्ये दारू चढलेली पोरं कधीकधी येतात, डाग दाखव म्हणतात. एकदा एकानं खोळ ओढली आणि फागूचा हात उठला. अर्ध्यावर त्यानं तो खाली घेतला, गिटार गोकुळकडं दिली आणि मांडवाबाहेर जाऊन बसून राहिला. त्या दिवशी गाणी बेसशिवाय झाली.

हरेशला आता गाडी चालवता येत नाही. तो मोखाड्याच्या स्टँडवर जीपा भरून द्यायचं काम करतो, जव्हार, जव्हार म्हणून ओरडतो. जबड्यामुळं ते 'दव्हार' ऐकू येतं, पण लोकांना कळतं. दोघं भाऊ एकमेकांच्या घरी जात नाहीत, जेवायला एकत्र बसत नाहीत.

गेल्या महिन्यात पार्टीला खोडाळ्याकडचं लग्न होतं. जीप भरलेली होती आणि ड्रायव्हर सामान टपावर बांधत होता. त्यानं गिटारीची खोळ उचलली तसा हरेश पलीकडून आला.

"ती वर नाय," तो म्हणाला. त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून मागं पाठवलं आणि फागूला मानेनं खूण केली. फागू गिटार मांडीवर घेऊन पुढं बसला. हरेशनं बाहेरून दार लावलं, नीट बसलं नाही म्हणून उघडून पुन्हा आपटलं, आणि पुढच्या जीपसाठी माणसं गोळा करायला गेला.